बधिर पायाची साक्ष : रुग्णाची स्वनोंद आणि विश्वस्ताचा धर्म

१

पुनर्वसन-चिकित्सेत गेल्या काही दशकांत एका वेगळ्या प्रकारच्या लेखनाला महत्त्व आले आहे. हे लेखन रुग्ण स्वतः करतो. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकला, सकाळी किती पावले चालणे झाले, वेदना शून्य ते दहा ह्या मापपट्टीवर कितीवर होती, तळपायाला भेग किंवा फोड दिसला की नाही, अशा नोंदी तो घरी करतो आणि ठरल्या दिवशी चिकित्सकापुढे ठेवतो. पूर्वी ह्यासाठी वही पुरत असे. आता मनगटावरचे यंत्र आणि मोबाइल हे काम करतात, आणि पुष्कळदा ते रुग्णाच्या नकळतही होत असते. ह्या नोंदींना चिकित्सालयात 'डेटा' असे म्हणतात. ह्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'दिलेले' असा आहे. शब्दाचा वापर करणाऱ्याला ह्या अर्थाची आठवण क्वचितच असते. दिलेले म्हटले की देणारा आला, घेणारा आला, आणि कोणत्या बोलीवर दिले हा प्रश्नही आला. 'डेटा' ह्या शब्दाच्या आजच्या वापरात मात्र देणारा दिसेनासा झाला आहे; नोंद जणू शरीरातून आपोआप गळून पडली आणि कोणीतरी ती वेचून घेतली, असा भास त्यातून निर्माण होतो.

प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न नैतिक आहे. रुग्णाने स्वतःविषयी केलेली नोंद वापरण्याचा अधिकार चिकित्सकाला कशामुळे मिळतो, आणि त्या अधिकाराबरोबर कोणते दायित्व येते? हा प्रश्न वैद्यकाचा म्हणून साहित्यविचाराने बाजूला ठेवावा असा नाही. कोणाच्या सांगण्याला प्रामाण्य द्यावे, सांगणारा आणि सांगितलेले ह्यांची फारकत करता येते काय, 'अनुभवाची प्रामाणिकता' म्हणजे नेमके काय, ह्या प्रश्नांशी मराठी समीक्षेचा परिचय जुना आहे. 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) ह्यांच्यानंतर दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील आत्मकथनांविषयी जी चर्चा झाली, तिच्यात ही लेखने 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून मौलिक आहेत असे गौरवाने म्हटले जाई. त्या गौरवात एक अन्याय दडलेला होता. लेखकाचे जगणे पुरावा म्हणून स्वीकारले जात होते. त्या जगण्याचा अर्थ लावणारा म्हणून लेखकाला मात्र तेवढ्या सहजतेने स्वीकारले जात नव्हते. रुग्णाच्या नोंदवहीचे आज काहीसे असेच होत आहे.

२

ह्या प्रश्नाचा विचार कोठेही करता येईल. परंतु वर्धा जिल्ह्यात त्याला एक विशिष्ट इतिहास आहे. मनोहर दिवाण ह्यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले ते १९३६ साली. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोग जडल्यावर १९३९ मध्ये सेवाग्रामला आले. गांधींनी आपल्या कुटीजवळच त्यांची सोय केली आणि त्यांच्या अंगाला मालिश करण्यासारखी शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. पुढे १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने वर्धा हे आपले केंद्र केले आणि सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री कार्यपद्धती रुजवली. कार्यकर्ता घरोघर जाई, अंगावरचे चट्टे पाही, त्यांची संवेदना तपासी आणि नोंद करी.

ह्या इतिहासाकडे 'पाहणारा कोण' ह्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक क्रम आढळतो. परचुरेशास्त्रींचे व्रण पाहणारा दुसरा माणूस होता. त्याच्या पाहण्यात करुणा होती आणि व्रतस्थता होती. सर्वेक्षणातही पाहणारा दुसराच होता. त्याच्या पाहण्यात पद्धत होती आणि मोजणी होती. तिसरी अवस्था स्व-निगेची. बहुविध औषधोपचारांनी जंतूंचा नाश होऊ लागला आणि डिसेंबर २००५ मध्ये, दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण ह्या निकषावर, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे देशपातळीवर निर्मूलन साध्य झाले. परंतु जंतू मेल्याने मेलेली मज्जातंतूंची संवेदना परत येतेच असे नाही. ज्याचा रोग बरा झाला त्याचा पाय बधिरच राहू शकतो. अशा माणसाने रोज पाय पाण्यात भिजवावा, जाड झालेली कातडी हलक्या हाताने घासावी, ओलसर कातडीला तेल लावावे, एमसीआर रबराची मऊ तळ असलेली चप्पल वापरावी, आणि मुख्य म्हणजे रोज पायाकडे नीट पाहावे, असा पुनर्वसनाचा पाठ आहे. येथे पाहणारा आणि ज्याचे पाहिले जाते तो, हे दोघे एकच आहेत.

पुलगावला लागून असलेल्या नाचणगावातील एखाद्या शेतमजुराचे उदाहरण कल्पून पाहावे. रोग केव्हाच बरा झालेला. उजवा तळपाय बधिर. वर्ध्याकडची मोठी रुग्णालये तीसेक किलोमीटरवर. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि वर बसभाडे. त्याला एक तक्ता दिलेला आहे. रोज रात्री पाय पाहायचा आणि जखम, लाली, सूज, ऊन लागणे ह्यांपुढे खूण करायची. महिन्यातून एकदा तो तक्ता कोणीतरी पाहते. हा माणूस त्या तक्त्याचा काय लागतो? तो लेखक आहे, साक्षीदार आहे, की निव्वळ मोजमापाचे साधन?

३

ह्या प्रश्नाला सहज सुचणारे उत्तर वेदनेवर आधारलेले असते. वेदना ज्याची त्यालाच कळते; म्हणून तिच्याविषयी बोलण्याचा अंतिम अधिकार त्याचाच. हे उत्तर खोटे नाही. रोनाल्ड मेलझॅक ह्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली मॅक्गिल वेदना-प्रश्नावली ह्याच तत्त्वावर उभी होती. तिच्यात वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत मांडलेली होती, आणि रुग्णाने त्यांतून आपल्या वेदनेचे शब्द निवडायचे होते. मराठीभाषकाला ह्या कल्पनेत काही अपरिचित वाटू नये. ठणका, कळ, सणक, चमक, रग, ठसठस, चरचर, मुंग्या, भगभग, ओढ ही वेदनेची केवळ नावे नाहीत. ती निदानेही आहेत. ठणका खोल असतो आणि लयीत येतो. चमक येते आणि जाते. रग श्रमातून येते आणि विश्रांतीने उतरते. शून्य ते दहा ह्या मापपट्टीवर ह्या सर्वांचे 'सहा' होते. सहा हा आकडा तुलनेला सोयीचा आहे, आलेख काढण्याला सोयीचा आहे. पण त्याने भाषेत आधीच असलेले ज्ञान पुसले जाते. म्हणून आकड्याबरोबर शब्दही नोंदवू द्यावा, ही मागणी हळवेपणाची नसून ज्ञानाच्या काटेकोरपणाची आहे.

मिशेल फुको ह्यांनी 'क्लिनिकचा जन्म' (१९६३) ह्या ग्रंथात आधुनिक वैद्यकातील स्थित्यंतराची खूण एका प्रश्नाच्या बदलात दाखवली आहे : 'तुम्हाला काय होते आहे' ह्या प्रश्नाची जागा 'कोठे दुखते' ह्या प्रश्नाने घेतली, आणि रुग्णाची कथा मागे पडून शरीरातील स्थान पुढे आले. ह्या विवेचनाच्या आधारे, स्वनोंद म्हणजे रुग्णाच्या कथेचे पुनरागमन होय, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु नाचणगावच्या त्या तळपायापुढे दोन्ही प्रश्न निरुत्तर होतात. कोठे दुखते? कोठेच नाही. काय होते आहे? काहीच नाही. आणि नेमके तेच त्याचे संकट आहे.

४

पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटे 'झडतात' ही समजूत त्यांनी तपासून पाहिली, आणि बोटांची हानी बव्हंशी रोगाने थेट होत नसून संवेदना गेल्यामुळे लक्षात न येणाऱ्या इजांनी होते, हे दाखवले. गरम भांडे हाताला चटका देत राहते आणि हात मागे येत नाही. खिळा चपलेतून वर येतो आणि पाय चालतच राहतो. रात्रीत एखाद्याच्या बोटाचा तुकडा नाहीसा झाल्याचे कोडे पहारा ठेवल्यावर उलगडले : झोपेत उंदीर बोट कुरतडत आणि झोपलेल्याला जाग येत नसे. ब्रँड ह्यांच्या कामातून जी शिस्त आकाराला आली तिचे सार एवढेच की, जे काम वेदना करीत असे ते आता डोळ्यांनी करावयाचे.

ह्यातून वर सांगितलेल्या सहज उत्तराला धक्का बसतो. बधिर पायाचा धनी आपल्या पायाविषयी जे जाणतो ते आतून जाणत नाही. तो पाय तसाच पाहतो जसा शेजारी पाहील, कदाचित शेजाऱ्याहून अवघडलेल्या कोनातून, आरसा धरून. अंतःप्रत्ययाचा विशेषाधिकार येथे उरलेला नाही. मग त्याच्या नोंदीचे प्रामाण्य कशावर आधारायचे? आणि जर ते कशावरच आधारलेले नसेल, तर तळव्याच्या तापमानाची नोंद घेणारे यंत्र त्याच्याहून विश्वसनीय का मानू नये? हा प्रश्न काल्पनिक नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांसाठी घरच्या घरी तळपायाचे तापमान मोजण्याच्या पद्धती अभ्यासल्या गेल्या आहेत. दोन्ही पायांच्या एकाच जागी ४ अंश फॅरनहाइटहून, म्हणजे सुमारे २.२ अंश सेल्सिअसहून, अधिक फरक आढळल्यास तो व्रणाचा पूर्वसंकेत मानून चालणे कमी करावे, असा त्यांतील निकष आहे. ही ऊब डोळ्याला दिसत नाही. यंत्र माणसाच्या आधी जाणते.

येथे भारतीय प्रमाणविचाराचा आधार घेणे उपयुक्त ठरेल. न्यायदर्शनाने शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले. मात्र तो शब्द आप्ताचा असला पाहिजे. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताविषयी दोन गोष्टी अपेक्षिल्या आहेत : विषयाचे साक्षात ज्ञान, आणि जसे पाहिले तसे दुसऱ्याला सांगण्याची इच्छा. शिवाय हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो नमूद करतो. आप्तत्व कुळाने येत नाही, पदवीने येत नाही, आणि येथे विशेष महत्त्वाचे म्हणजे, अंतःप्रत्ययानेही येत नाही. ते येते विषयाशी असलेल्या प्रत्यक्ष संबंधातून.

बधिर पायाशी असा संबंध कोणाचा आहे? यंत्र तापमान जाणते. तो पाय त्या दिवशी कोणत्या वावरात गेला, पऱ्हाटीच्या धसकटावर पडला की बांधावरून चालला, चप्पल भिजली म्हणून काढून ठेवावी लागली काय, हे यंत्र जाणत नाही. चिकित्सक पाय महिन्यातून एकदा पाहतो. रोज रात्री कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात त्या पायाशी बसणारा एकच आहे. त्याचे प्रामाण्य अनुभूतीतून येत नाही. ते अवधानातून येते. तो आप्त ठरतो तो पाय त्याला दुखतो म्हणून नव्हे, तर तो त्या पायाकडे पाहत राहिला म्हणून. वेदना ही दिलेली असते. अवधान द्यावे लागते. स्वनोंद ही अशा दिलेल्या अवधानाची लिखित खूण असते, आणि म्हणून तिला कर्ता असतो. यंत्राने घेतलेले मोजमाप तिला पूरक ठरेल, प्रसंगी तिची चूकही दाखवील. पण ते साक्ष होऊ शकत नाही, कारण साक्ष देण्यात उत्तरदायित्व असते आणि यंत्राला उत्तर द्यावे लागत नाही.

५

ह्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. माणसे खोटे लिहितात. २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आर्थर स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घकालीन वेदना असलेल्या रुग्णांना त्यांनी कागदी रोजनिशी दिली होती, आणि तिच्या बांधणीत ती केव्हा उघडली गेली हे टिपणारी प्रकाशसंवेदी यंत्रणा बसवलेली होती. रुग्णांच्या तारखा-वेळा ग्राह्य धरल्या तर ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या होत्या. यंत्रणेच्या दाखल्यानुसार तसे प्रमाण ११ टक्के होते. उरलेल्या मागाहून, कदाचित भेटीच्या आदल्या रात्री, एका बैठकीत भरलेल्या. आप्ताच्या दुसऱ्या लक्षणाचा, म्हणजे जसे पाहिले तसे सांगण्याच्या इच्छेचा, येथे भंग झालेला दिसतो.

हा अभ्यास रुग्णाच्या शब्दावर विसंबू नये ह्याचा पुरावा म्हणून उद्धृत केला जातो. परंतु तो दोन अंगांनी वाचता येतो. रुग्णांनी वहीत खोटी वेळ लिहिली हे खरे. आणि ती वही स्वतः त्यांच्यावर लपून पाळत ठेवीत होती हेही तितकेच खरे. ज्या संबंधात वही दोन्ही बाजूंना पूर्ण सत्य सांगत नाही, त्या संबंधातील दोष एकट्या लिहिणाऱ्याच्या पदरात घालता येत नाही. प्रश्न असा विचारला पाहिजे : सांगण्याची इच्छा कशाने खुंटते?

कुष्ठरोगाच्या इतिहासात ह्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. १८९८ च्या कायद्यान्वये निर्धन कुष्ठरुग्णाला पकडून आश्रयस्थानात डांबता येत असे. केंद्रीय संसदेने तो रद्द केला २०१६ मध्ये. विवाहविषयक कायद्यांत कुष्ठरोग हा घटस्फोटाचा आधार म्हणून टिकून राहिला, तो २०१९ मध्ये काढून टाकला गेला. म्हणजे अगदी अलीकडेपर्यंत शरीरावरच्या एका चट्ट्याची लिखित नोंद माणसाचे घर मोडू शकत होती. अशा समाजात एखाद्याने पायाकडे पाहून 'जखम नाही' अशी खूण केली, तर ती असत्य असेल. पण ती निरर्थक नसेल. ती नोंद कोणाच्या हाती पडेल ह्याविषयीचे ते अचूक अनुमान असेल.

आणि कोऱ्या जागांचे काय? वोल्फगांग इझर ह्यांनी संहितेतील रिक्त जागा वाचकाला कामाला लावतात असे प्रतिपादन केले आहे. त्यांचा विचार कादंबरीपुरता होता, पण तो येथे लागू करण्यास प्रत्यवाय नसावा. नाचणगावच्या त्या कल्पित तक्त्यात कार्तिक-मार्गशीर्षातले काही आठवडे कोरे आहेत. 'रुग्णाने सूचनांचे पालन केले नाही' असा शेरा त्यावर मारता येईल. परंतु ते कापूस वेचणीचे दिवस आहेत, वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि पायाला विश्रांती देणे म्हणजे वर्षातल्या चांगल्या कमाईचे दिवस सोडणे, हे ज्याला ठाऊक आहे तो ती कोरी जागा वाचू शकेल. त्या माणसाने पाय पाहिला नाही, कारण पाहिला असता तर थांबावे लागले असते, आणि थांबणे त्याला परवडत नव्हते. त्या तक्त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेथे, काही न लिहिता, लिहिलेले आहे. ते वाचल्यावर चिकित्सकाचे पुढचे पाऊल बदलते. दटावणीऐवजी वेचणीला चालेल अशी चप्पल, उभ्याने करण्याच्या कामाऐवजी बसून करण्याचे काम, किंवा त्या आठवड्यांपुरती गावातच पाय पाहण्याची सोय, असे पर्याय पुढे येतात. तसा वाचला गेला नाही तर फेब्रुवारीत व्रण येतो, आणि पाय वाचवण्याचा प्रश्न उभा राहतो. वाचनाच्या रीतीवर येथे एक पाय अवलंबून असतो.

६

म्हणून स्वनोंदीच्या वापराचा नैतिक निकष केवळ संमतीत शोधणे अपुरे आहे. संमती आवश्यकच, पण 'तुमची माहिती आम्ही वापरू' ह्या वाक्याखाली केलेली सही देण्याची क्रिया एकदाच घडलेली मानते. नोंद मात्र रोज दिली जाते.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती हाताळणाऱ्याला 'डेटा फिड्युशिअरी' असे नाव दिले आहे. ह्या इंग्रजी संज्ञेच्या गाभ्याशी विश्वासाने सोपवलेली वस्तू सांभाळण्याची कल्पना आहे. मराठीत त्याला 'विश्वस्त' म्हणता येईल, आणि सेवाग्रामच्या परिसरात हा शब्द उच्चारला की गांधींच्या विश्वस्ततेची आठवण अटळ आहे. गांधींनी ही कल्पना धनाविषयी मांडली. जवळ असलेली संपत्ती आपली नसून समाजाची ठेव आहे असे मानून धनिकाने वागावे, असे तिचे सार होते. तिच्यावर आक्षेपही पुष्कळ घेतले गेले. विश्वस्ताच्या सदिच्छेवर सर्व भार टाकणारी व्यवस्था दुर्बलाला न्याय देऊ शकत नाही, हा त्यांतील प्रमुख होय. तो आक्षेप येथेही मान्य केला पाहिजे. विश्वस्तभाव ही भावना राहून चालणार नाही; तो परीक्षेला उतरेल अशा आचारात दिसला पाहिजे. कायद्याने आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला सांगण्याचा अधिकार दिला आहे, तो ह्या दिशेचा. पण ज्याला तो अधिकार आहे हेच माहीत नाही, त्याच्या बाबतीत चिकित्सकाचे दायित्व कायद्याच्या पुढे जाते.

त्या दायित्वाची परीक्षा एका साध्या प्रश्नाने घेता येईल : नोंद परत येते काय? लीळाचरित्राची सामग्री जमवताना म्हाइंभटाने ज्यांनी ज्यांनी चक्रधरांच्या लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठले, आणि मिळालेल्या आठवणी नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळून घेतल्या. पाहिलेले सांगणारे आणि ते लिहून घेणारा ह्यांच्यात पडताळणीचा एक टप्पा असला पाहिजे, ही जाणीव मराठी गद्याच्या आरंभापासून आहे. पुनर्वसनात हा टप्पा उलट्या दिशेने चालला पाहिजे. चिकित्सकाने तक्त्यावरून जो अर्थ काढला तो तक्ता लिहिणाऱ्यापुढे, त्याच्या भाषेत, ठेवला पाहिजे. 'तुमच्या नोंदींवरून आम्हाला असे वाटते, हे बरोबर आहे काय' असे विचारले पाहिजे. आणि उत्तर नकारार्थी आले तर तो नकारही नोंदीचा भाग झाला पाहिजे. जी नोंद वर जाते आणि परत येत नाही, ती उपचाराला उपयोगी पडली तरी रुग्णाच्या दृष्टीने हिरावलेली असते. जी परत येते, ती त्याच्या हातात त्याच्याच पायाचे ज्ञान म्हणून राहते.

पुनर्वसन ह्या शब्दात पुन्हा वसणे आहे. घर, गाव आणि रोजगार ह्यांत परत वसणे हा त्याचा रूढ अर्थ. बधिर झालेल्याला त्याआधी स्वतःच्या शरीरात पुन्हा वसावे लागते, आणि तेथे परतण्याचा रस्ता संवेदनेचा नसून रोजच्या पाहण्याचा आहे. त्या पाहण्याची जी वही होते, तिचा पहिला वाचक तो स्वतः असला पाहिजे. चिकित्सक दुसरा वाचक. दुसऱ्या वाचकाला अधिक दिसू शकते, त्याचे शिक्षण अधिक असते, आणि पुष्कळदा त्याचाच निर्णय बरोबर ठरतो. तरीही तो दुसरा आहे, हे त्याने विसरता कामा नये.